टीबीच्या गोळ्या आणि खाणीची धूळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही फक्त एवढंच विचारलं होतं की कामामुळे आजार झालाय आणि पेन्शन किंवा भरपाई अडकलीय असं कोण आहे का तुमच्या घरात. पत्रं आली ती सत्तरीपासून वास्कोपर्यंत. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. वाचताना एक गोष्ट मला सारखी खुपत होती, की आजार कामामुळे झाला हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, गावाला माहीत असतं, पण दवाखान्याच्या एकाही कागदावर माणूस काम काय करायचा हे लिहिलेलं नसतं. माझे बाबा खाणीवर लोडर चालवायचे, त्यांच्या पूर्ण फाइलमध्ये ‘काम’ या रकान्यापुढे रेघ मारलेली आहे. म्हणून आज मी ह्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

प्रश्न : ताई, आम्ही डिचोली तालुक्यातले. माझे मिस्टर २१ वर्षं खाणीवर क्रशर आणि स्क्रीनिंग प्लांटला होते, कंपनीच्या रोलवर नाही, कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार पण तीन बदलले. मार्च २०१८ ला खाणी बंद झाल्या तसं काम गेलं, तेव्हा पगार १६ हजार होता. फेब्रुवारी २०२० मध्ये खोकला आणि दम लागतो म्हणून दाखवलं तर टीबीच्या गोळ्या सहा महिने, मग २०२३ मध्ये परत सहा महिने, थुंकीत कधीच काही सापडलं नाही. आता बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) सीटी स्कॅन झाला त्यात सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, आलंय. वय ५६, अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसतात. शेवटचा कंत्राटदार म्हणतो ५० हजार देतो, स्टॅम्प पेपरवर सही करा. आम्हाला पेन्शन मिळेल का?

उत्तर : वहिनी, पहिली गोष्ट, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. हक्क सोडून दिला असं कामगाराकडून लिहून घेतलं तरी नुकसानभरपाईच्या कायद्यात तो करार रद्दच धरतात, पण एकदा सही झाली की ती खोटी ठरवायला तुम्हालाच फेऱ्या माराव्या लागणार, आणि तुमच्याकडे त्या फेऱ्यांसाठी आता वेळही नाही आणि मिस्टरांच्यात दमही नाही.

आता पेन्शनचं. खाण ही ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विम्याच्या) १९४८ च्या कायद्यात ‘कारखाना’ धरली जात नव्हती, खाणीला वेगळा कायदा, १९५२ चा. त्यामुळे ईएसआयकडून दरमहा मिळतात ते अपंगत्वाचे पैसे तुम्हाला लागू होत नाहीत. तुमच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, आणि त्यात मिळते ती एकरकमी भरपाई, महिन्याची पेन्शन नाही. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआयचा आणि नुकसानभरपाईचा हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत, पण मिस्टरांचं काम आणि आजार दोन्ही त्याच्या आधीचे, म्हणून जुन्या कायद्याने बोलते.) एकरकमी म्हटल्यावर नाराज होऊ नका, रक्कम लहान नसते.

हिशोब असा. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा, ५० वर्षांना तो १५३.०९ आहे (मिस्टर आज ५६ चे, पण आजार दिसला त्या २०२० मध्ये साधारण ५० चे होते, तेच वय धरायचं). पगार कितीही असला तरी १५ हजारपर्यंतच धरतात. म्हणजे ९ हजार गुणिले १५३.०९, १३ लाख ७७ हजार ८१० रुपये. डॉक्टरने कमाईची ताकद ४० टक्के गेली असं लिहिलं तर त्याच्या ४० टक्के, साधारण साडेपाच लाख. आता हे नीट वाचा, १५ हजारची ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती ८ हजार होती, आणि त्या मर्यादेने हीच पूर्ण रक्कम ७ लाख ३४ हजार ८३२ होते. म्हणजे तारीख कुठली धरतात ह्यावर जवळजवळ अर्धे पैसे अवलंबून आहेत.

अपघाताला तारीख असते हो, हात मशीनमध्ये गेला तो दिवस. धुळीला तारीख नसते. म्हणून कायद्याने एक सोय केलीय, की काम सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत त्या कामाच्या रोगाची लक्षणं दिसली तर लक्षणं पहिल्यांदा सापडली तो दिवस ‘अपघाताचा दिवस’ मानायचा. तुमचं काम गेलं मार्च २०१८ ला, पहिला खोकल्याचा केसपेपर फेब्रुवारी २०२० चा. दोन वर्षांच्या आत बसतंय, अगदी काठावर, आणि ३ जानेवारी २०२० च्या नंतरही बसतंय. तो केसपेपर म्हणजे तुमच्या घरातला सगळ्यात किमती कागद आहे सध्या. लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलाला सुद्धा नाही.

समोरचा म्हणणार, दावा दोन वर्षांत करायचा होता, उशीर झाला. त्याला दोन उत्तरं आहेत. एक तर कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत मोजायचा नाही असं ठरवलं होतं. दुसरं, उशिराला योग्य कारण असेल तर कामगार आयुक्त दावा ऐकू शकतात असं कलम १० मध्येच आहे, आणि दोनदा टीबी समजून उपचार झाले, थुंकी निगेटिव्ह असताना, रोगाचं खरं नाव आत्ता कळलं, ह्यापेक्षा योग्य कारण कुठलं असणार? म्हणून टीबीची दोन्ही वेळची कार्डं आणि थुंकीचे रिपोर्ट फेकू नका, तेच तुमचा पुरावा आहेत. सिलिकोसिसचा एक्स-रे टीबीसारखा दिसतो आणि सिलिकोसिसवाल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे ही गल्लत खूप होते. गोव्याच्या लोखंडाच्या खाणीत नुसतं लोखंड नसतं, खनिजाबरोबर क्वार्ट्झचे थर असतात, क्रशरमध्ये ते फुटले की जी अगदी बारीक धूळ उडते ती डोळ्याला दिसत नाही आणि फुप्फुसातून परत बाहेर येत नाही, काम सोडल्यावर पण आजार पुढे सरकत राहतो.

तीन कंत्राटदार बदलले म्हणून घाबरू नका. अशा रोगात ज्या ज्या मालकांकडे ते काम केलं ते सगळे आपापल्या हिश्शाने जबाबदार, आणि कंत्राटदाराने हात वर केले तर ज्या कंपनीचं काम चाललं होतं तिच्याकडे मागता येतं, कलम १२. अर्ज कामगार आयुक्तांकडे, पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला आणि औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

आणि एक. खाण कामगाराची ठराविक वर्षांनी छातीची तपासणी करायची असते, पाच वर्षांपेक्षा जास्त गॅप नको, आणि त्याचा ‘फॉर्म ओ’ भरायचा असतो. मिस्टरांचा कधी एक्स-रे काढला होता का कंपनीने, आठवून बघायला सांगा. काढला असेल तर त्याची लेखी मागणी करा, नसेल काढला तर तेही लेखी मागा, कारण तपासणी केलीच नाही हे उत्तर पण तुमच्याच बाजूचं आहे. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत सांभाळायचं. तो निकाल ॲस्बेस्टॉसवाल्यांसाठी होता, पण तुमच्या वकिलाला त्याची आठवण करून द्या.

पुढच्या वेळी बांबोळीला जाल तेव्हा डॉक्टरांना हात जोडून सांगा की पेपरवर लिहा, ‘२१ वर्षं खाणीत क्रशरवर काम’. ही एक ओळ पाहिजेच.

प्रश्न : मी कुंडईला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबायच्या मशीनवर) आहे, नऊ वर्षं झाली. वय ३८. कानात सतत शिट्टी वाजते आणि बायको मागून बोलली तर ऐकू येत नाही. ईएसआय कापतात, पगार १९,५०० आहे. एचआरवाले बोलले की राजीनामा दे, फुल अँड फायनल लगेच करतो. पेन्शन घेतली तर दुसरीकडे नोकरी करता येत नाही असं मित्र म्हणतो, खरं काय?

उत्तर : मित्राचं चुकलंय भाऊ. ईएसआयचा कायम अपंगत्व लाभ हा कमाईची ताकद किती गेली ह्यावर मिळतो, तू नंतर दुसरं काम केलंस म्हणून तो बंद होत नाही, आणि तो जन्मभर मिळतो, फक्त दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. आवाजामुळे आलेला बहिरेपणा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, त्याला त्या कामात सलग सहा महिने झाले की पुरे, तुझी तर नऊ वर्षं आहेत.

हिशोब तुझाच करून दाखवते. रोजचा सरासरी पगार ७५० धरू. त्याच्या ९० टक्के म्हणजे ६७५. मेडिकल बोर्डाने २० टक्के नुकसान म्हटलं तर रोजचे १३५, महिन्याचे साधारण ४,०५०. मोठी रक्कम नाही मान्य, पण तू आज ३८ चा आहेस, पुढची तीस चाळीस वर्षं दर महिन्याला येणारे पैसे आहेत ते.

राजीनामा देऊ नकोस, निदान बोर्ड होईपर्यंत तरी नाही. आधी ईएसआयच्या दवाखान्यात जा, डॉक्टरला नुसतं ‘ऐकू येत नाही’ म्हणू नकोस, प्रेसवर किती तास उभा असतोस, इअर प्लग कंपनीने दिले होते का, हे सगळं सांग आणि लिहून घ्यायला लाव. मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलला रेफर करून घे. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) सोमवारी सकाळी करून घेतलीस तर बरं, निदान १६ तास कान आवाजापासून लांब असले पाहिजेत, नाहीतर कंपनी म्हणते हा तात्पुरता परिणाम होता. आवाजाने गेलेला कान बहुतेक ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा दाखवतो, म्हातारपणाच्या बहिरेपणाचा ग्राफ वेगळा दिसतो, त्यामुळे डॉक्टरला तो फरक कळतो. बोर्डाचा टक्का कमी वाटला तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं. आणि खरं सांगते, लोक अपील करत नाहीत, पोस्टाने आलेलं पत्र देवघरात ठेवतात आणि चवथीनंतर बघू म्हणतात, तोपर्यंत मुदत संपलेली असते.

कंपनीत आणखी कोणाकोणाला तसंच होतंय का बघ. असा रोग सापडला की मॅनेजरने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने फॅक्टरी इन्स्पेक्टोरेटला कळवायचं असतं, पणजीला आल्तिनोवर ऑफिस आहे. त्यांनी नाही कळवलं तर तुम्ही चार जण मिळून लेखी कळवा.

प्रश्न : वडिलांचं काम फावडं मारायचं होतं, त्यांना सिलिकोसिस आहे. अपंगत्वाच्या कार्डासाठी अर्ज केला तर हॉस्पिटलमधून सांगितलं की फुप्फुसाच्या आजाराला ते कार्ड मिळत नाही. मग पेन्शनही नाही का? (सत्तरी)

उत्तर : इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि लोक इथेच हिंमत सोडतात. तुम्ही मागितलं ते अपंगत्वाचं, म्हणजे यूडीआयडी कार्ड २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे मिळतं, त्यात २१ प्रकार आहेत, आणि त्या २१ मध्ये फुप्फुसाचा आजार नाहीच. माणूस पायऱ्या चढू शकत नाही आणि कायद्याच्या नजरेत दिव्यांग नाही, मला हे अजिबात पटत नाही, हे बदललं पाहिजे. पण तुमच्या भरपाईचा ह्या कार्डाशी संबंध नाही. ईएसआयचं बोर्ड किंवा कामगार आयुक्तांसमोरचा डॉक्टर बघतो तो कमाईची ताकद किती गेली ते, शरीराचा टक्का नाही. १९७५ मधला सुप्रीम कोर्टाचा एक जुना निकाल आहे, एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, कोर्टाने म्हटलं सुताराचं काम एका हाताने होत नाही म्हणून हे पूर्ण अपंगत्व. तुमच्या वडिलांचं काम फावडं मारायचं होतं, दम लागणारा माणूस फावडं मारेल का, हा प्रश्न तिथे विचारायचा. कार्ड नाकारलं त्याचा कागद बाजूला ठेवा आणि तो दुसरा रस्ता धरा.

प्रश्न : ताई, माझे पप्पा ४७ वर्षांचे, पेंट बनवायच्या युनिटमध्ये सहा वर्षं आहेत, आता डॉक्टर म्हणतात हे काम परत कधीच करता येणार नाही. पीएफ कापत होते. ऑफिसमधले म्हणतात पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुम्ही पीएफचे पैसे काढून घ्या आणि मोकळे व्हा. (मडगाव)

उत्तर : बाय, पैसे काढायचा फॉर्म भरला नाही ना अजून? नसेल तर थांब. दहा वर्षांची अट म्हातारपणाच्या पेन्शनला आहे. ईपीएस १९९५ मध्ये (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत) अपंगत्वाची पेन्शन वेगळी आहे, तिला दहा वर्षं लागत नाहीत, एक महिन्याची वर्गणी जमा असली तरी चालते. अट अशी की नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं पाहिजे, आणि ‘पूर्ण’ म्हणजे ते जे काम करत होते त्या कामासाठी पूर्ण निकामी. म्हणून आधी राजीनामा आणि मग अर्ज असं उलटं करू नका, त्यात खूप लोकांचं नुकसान झालंय. फॉर्म १०-डी भरायचा, पणजीला पाटोवर पीएफचं ऑफिस, मेडिकल बोर्ड होतं. कमीत कमी पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच, आणि एक हजारात आज घरात किती दिवसांचं दूध येतं ते मला सांगायची गरज नाही. तरी सोडू नका, पप्पांच्या नंतर आईला विधवा पेन्शन त्याच खात्यातून चालू होते.

आणि पप्पांचा पगार २१ हजारच्या आत होता का, ईएसआय कापत होते का, हे बघ. कापत असतील, किंवा कापायला पाहिजे होतं पण मालकाने भरलंच नसेल तरी, ईएसआयचा अर्ज वेगळा करायचा. काही रंगांत शिसं असतं, शिशाचा विषार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. रक्तातल्या शिशाची टेस्ट झाली नसेल तर लगेच करून घ्या, काम सुटलं की महिन्या-दोन महिन्यांत रक्तातलं शिसं उतरायला लागतं आणि पुरावा हातातून जातो.

प्रश्न : मी सावंतवाडीचा, पर्वरीला मार्बल आणि टाइल कटिंग करतो १२ वर्षं, रोजंदारी, कुणाचाच कागद नाही. खोकला चालूच असतो. १२ रुपयेवाला, म्हणजे आता २० रुपयेवाला बँकेचा विमा आहे, त्यातून काही मिळेल का?

उत्तर : भाऊ, तो २० रुपयांचा विमा अपघाताचा आहे, आजाराला त्यातून काही मिळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नको. तू बांधकाम कामगार आहेस, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी कर, पाटोलाच. सावंतवाडीचा असलास तरी काम गोव्यात आहे, नोंदणी इथेच करायची.

कागद नाही म्हणतोस, पण मोबाईल आहे ना. ठेकेदाराने गुगल पेवर पाठवलेले पैसे, ‘उद्या पर्वरी साइटला ये’ म्हणून आलेला व्हॉट्सॲप मेसेज, साइटवर मित्राने काढलेला फोटो, मागे बिल्डिंगचा बोर्ड दिसत असलेला, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब चालतात. आज रात्रीच बसून एका वहीत लिहून काढ, कुठल्या वर्षी कुणाकडे, कुठल्या साइटला. मोबाईल बदलायच्या आधी फोटो आणि मेसेज कुठेतरी कॉपी करून ठेव.

छातीचा एक्स-रे या आठवड्यात काढ, सरकारी हॉस्पिटलमध्ये काढ म्हणजे नोंद राहते, आणि पावती फाडणाऱ्या खिडकीपासूनच ‘मार्बल कटिंग’ असं सांग. आजपासून ग्राइंडरला पाणी लाव, कोरडं कटिंग करू नको, ठेकेदार चिखल होतो म्हणून ओरडला तरी. आणि तोंडाला बांधतोस तो रुमाल ती धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क घे, चाळीस पन्नास रुपयांना मेडिकलमध्ये मिळतो. एक्स-रेचा रिपोर्ट आला की आम्हाला कळव, सिलिकोसिस निघालं तर ठेकेदाराला नोटीस कशी लिहायची ते आपण पुढच्या अंकात तुझं नाव न घालता पूर्ण छापू.